निरक्षरांचा ग्रंथ : एका रूपकाची चिकित्सा

मध्ययुगीन ख्रिस्ती कलेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास प्रारंभीच एक वाक्य ऐकावयास मिळते : चर्चच्या भिंतींवरील चित्रे आणि प्रवेशद्वारांवरील शिल्पे हा निरक्षरांचा ग्रंथ होय. हे वाक्य इतके सोयीचे आहे की ते कोणी, कोणास उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी उच्चारले याची चौकशी सहसा होत नाही. एकदा ते स्वीकारले की पुढील सारा मार्ग सुगम होतो. प्रतिमा हा ग्रंथ असेल, तर अभ्यासकाचे काम ती वाचणे. वाचण्यासाठी मूळ संहिता हुडकणे. आणि संहिता हाती लागली की प्रतिमेचे कार्य कळले असे मानून पुढील प्रतिमेकडे जाणे. गेल्या शतकाहून अधिक काळातील कितीतरी उत्तम संशोधन या मार्गाने झाले. परंतु त्या मार्गावर जे दिसत नाही ते लहानसहान नाही.

रूपकाचा उगम पोप ग्रेगरी पहिला याने मार्सेयचा बिशप सेरेनुस यास इ. स. 599 व 600 मध्ये लिहिलेल्या दोन पत्रांत आहे. लोक चर्चमधील प्रतिमांची आराधना करतात असे पाहून सेरेनुसने त्या फोडून टाकल्या होत्या. ग्रेगरीने त्याच्या उत्साहाची प्रशंसा केली, कृत्याची मात्र निर्भर्त्सना केली. जाणत्यास जे लेखनातून लाभते ते अजाणास चित्र पाहून लाभते, असे त्याचे प्रतिपादन आहे. येथवरचा भाग सर्वत्र उद्धृत होतो. मात्र दुसऱ्या पत्रात ग्रेगरी आणखी दोन गोष्टी सांगतो. दुखावलेल्या लोकांस सेरेनुसने एकत्र बोलवावे आणि प्रतिमा कशासाठी आहेत हे त्यांना समजावून द्यावे, ही एक. आणि प्रतिमा पाहून मनात अनुतापाची ऊब निर्माण व्हावी व मनुष्याने केवळ त्रिविध परमेश्वरापुढे लीन व्हावे, ही दुसरी. पहिल्या सूचनेवरून उघड होते की, खुद्द ग्रेगरीच्या मते हा 'ग्रंथ' आपोआप वाचला जात नव्हता. त्यास बोलणारा मनुष्य लागत होता. दुसरीवरून दिसते की, त्याच्या दृष्टीने चित्राचे फळ माहितीत नव्हे, तर वृत्तीत होते. म्हणजे ज्या पत्राच्या आधारावर वाचनाचे रूपक उभे आहे, ते पत्रच त्या रूपकापेक्षा अधिक काही सांगते. शिवाय ते एका संतप्त बिशपास आवर घालण्यासाठी लिहिलेले शासकीय स्वरूपाचे पत्र आहे. कलेविषयीचा सिद्धांत मांडण्यासाठी ते लिहिलेले नाही.

तरीही सिद्धांत म्हणूनच ते पुढे चालले. 1025 मध्ये आरास येथील धर्मसभेत त्याचा पुनरुच्चार झाला; तेराव्या शतकातील विद्यापीठीय पंडितांनी शिक्षण, स्मरण आणि भक्ती अशा तीन प्रयोजनांत त्याला बसविले. 1898 मध्ये एमील माल यांचा फ्रान्समधील तेराव्या शतकाच्या धार्मिक कलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि धर्मोपदेशकांचे हे रूपक कलेतिहासाची पद्धती बनले. माल यांनी बोव्हेच्या व्हिन्सेंटचा विश्वकोश हाती घेऊन निसर्ग, विद्या, नीती आणि इतिहास या चार 'दर्पणां'च्या क्रमाने कॅथेड्रलची मांडणी उलगडून दाखविली. (यांपैकी नीतीचा दर्पण व्हिन्सेंटचा नव्हे, तो नंतर कोणी जोडलेला आहे; परंतु त्यामुळे माल यांच्या कामगिरीचे मोल कमी होत नाही.) रोमँटिक लेखकांनी कॅथेड्रलभोवती उभे केलेले गूढतेचे धुके त्यांनी दूर केले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पॅनोफ्स्की यांनी 1939 मध्ये ही पद्धती त्रिस्तरीय व अधिक सावध केली. पण तिची दिशा तीच राहिली.

या दिशेविरुद्धचा साधा आक्षेप प्रत्यक्ष पाहणीतून येतो. शार्त्रच्या कॅथेड्रलमधील खालच्या ओळीच्या खिडक्यांत कथा लहान लहान चौकटींतून सांगितलेली आहे. तिचा क्रम बहुधा खालून वर जातो आणि कथा आधी ठाऊक नसेल तर तो लागत नाही. वरच्या ओळीतील आकृती भव्य आहेत, पण जमिनीवरून त्यांचा तपशील डोळ्यांना गवसत नाही. 'गरिबांचे बायबल' या मागाहून रूढ झालेल्या नावाने ओळखली जाणारी पंधराव्या शतकातील ठशांची पुस्तके घ्यावीत, तर त्यांच्या पानापानावर लॅटिन मजकूर दाटलेला आढळतो. लॉरेन्स डगन यांनी 1989 मध्ये हा प्रश्न सरळ विचारला आणि उत्तर दिले की, चित्र माहीत असलेल्याचे स्मरण देते, माहीत नसलेले शिकवीत नाही. हे उत्तर बरोबर आहे. परंतु ते अर्धे आहे. कारण त्यात प्रतिमेचे कार्य अजूनही ज्ञानाच्याच मापाने मोजलेले आहे. ग्रंथ म्हणून ती कमी पडते एवढेच त्यावरून सिद्ध होते. ती ग्रंथाव्यतिरिक्त काय होती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट चटकन जाणवते. भाषेला नकार आहे. चित्राला तो नाही. 'हा देव नव्हे' हे वाक्य उच्चारता येते, रंगविता येत नाही. इजिप्तमध्ये बालख्रिस्ताच्या आगमनासरशी तेथील देवांच्या मूर्ती चौथऱ्यावरून कोसळल्या, हा प्रसंग मध्ययुगीन कलाकारांनी वारंवार दाखविला. त्यासाठी त्यांना आधी स्तंभावर मूर्ती उभी करावी लागली आणि मग ती मोडावी लागली. मायकेल कॅमिल यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात या कोसळत्या मूर्तींचा जो शोध घेतला आहे, त्याचे महत्त्व यातच आहे. नाकारावयाच्या मूर्तीचीही मूर्ती घडवावी लागते, या अडचणीत सापडलेल्या कलेचे ते दर्शन आहे.

चित्राचे हे मुकेपण मध्ययुगातच कोणी नेमके ओळखले होते काय? ओळखले होते, आणि तेही प्रतिमांच्या एका कठोर टीकाकाराने. शार्लमेनच्या दरबारात 790 नंतरच्या काही वर्षांत प्रतिमांच्या प्रश्नावर एक विस्तृत वादग्रंथ राजाच्या नावाने रचला गेला. त्याचा खरा कर्ता पुढे ओर्लेआँचा बिशप झालेला थिओडुल्फ होय, हे ॲन फ्रीमन यांनी 1957 पासूनच्या लेखनातून दाखविले व आता ते सामान्यतः मान्य झाले आहे. थिओडुल्फ एक उदाहरण देतो. दोन सुंदर स्त्रियांची नाव न लिहिलेली चित्रे आहेत. कोणी सांगितले की यांतील एक कुमारी मारिया आणि दुसरी व्हीनस. तर कोणते चित्र उचलून मानाने ठेवावयाचे आणि कोणते फेकावयाचे? रेषेत व रंगात फरक नाही, फरक आहे तो लिहिलेल्या नावात. बाळाला घेतलेली स्त्री मारिया आहे, की इसहाकास घेतलेली सारा, हेही चित्र स्वतः सांगत नाही. थिओडुल्फचा निष्कर्ष असा की, पावित्र्य प्रतिमेत नसून शब्दात आहे. निष्कर्ष मान्य असो वा नसो, निरीक्षण बिनतोड आहे.

याच निरीक्षणापासून निघून ग्रीक पंडित अगदी उलट टोकाला पोहोचले, ही या इतिहासातील मोठी मौजेची बाब आहे. नवव्या शतकाच्या आरंभी स्टुडिऑस मठाचा थिओडोर प्रतिमांच्या समर्थनार्थ ॲरिस्टॉटलच्या 'पदार्थ' या ग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदातील कल्पना वापरतो. तेथे समनामतेचे उदाहरण म्हणून जिवंत मनुष्य आणि चित्रातील मनुष्य घेतलेले आहेत; दोघांस एकच नाव, स्वरूप मात्र भिन्न. ख्रिस्त आणि ख्रिस्ताची प्रतिमा यांचा संबंध असाच आहे, असे थिओडोर म्हणतो. प्रतिमेस 'ख्रिस्त' म्हणणे ही चूक नव्हे आणि दोन्ही एक आहेत असे मानणेही नव्हे. नवव्या शतकानंतरच्या बायझंटाइन प्रतिमांवर नाव लिहिण्याचा प्रघात पक्का झाला, त्यामागे हीच विचारसरणी आहे. तेथील लिखित नाव म्हणजे चित्राखालील माहिती नव्हे. प्रतिमा त्या नावानेच पुरी होते.

मराठी वाचकास थिओडोरचे म्हणणे समजण्यास ॲरिस्टॉटलची गरज पडू नये. 'देवघरातले देव घासले', 'देव पाण्यात ठेवले' ही वाक्ये उच्चारणारी गृहिणी 'देव' हा शब्द प्रतिमेस लावते, आणि त्याच दिवशी 'देव सर्वत्र आहे' असेही म्हणते. तिच्या बोलण्यात विसंगती आहे असे कोणास वाटत नाही. समनामतेचा हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यासाठी सिद्धांत रचण्याची वेळ आली नाही. बायझंटियममध्ये ती आली, कारण त्या व्यवहारावर हल्ला झाला.

हल्ल्याचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. 754 मध्ये सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याच्या पुढाकाराने हिएरिया येथे भरलेल्या धर्मसभेने प्रतिमा निषिद्ध ठरविल्या. 787 मध्ये नायसिया येथील दुसऱ्या सभेने त्या पुनःस्थापित केल्या. 815 मध्ये पुन्हा निषेध झाला आणि 843 मध्ये तो कायमचा उठला. प्रतिमाभंग प्रत्यक्षात किती झाला याविषयी विजयी पक्षाच्या वृत्तांतांवर पूर्वीसारखा विश्वास आता ठेविला जात नाही. ब्रुबेकर व हाल्डन यांच्या 2011 मधील ग्रंथाने तर सम्राट तिसरा लिओ याच्याविषयीच्या बऱ्याच कथा संशयास्पद ठरविल्या आहेत.

महत्त्वाचे आहे ते 787 च्या निर्णयातील शब्द. प्रतिमेस 'प्रोस्किनेसिस' द्यावी, 'लात्रेइया' देऊ नये, ती केवळ ईश्वरी स्वरूपाची आहे, असा तो निर्णय आहे. प्रतिमेस दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो, असे त्यास बासिलच्या वचनाचे समर्थन जोडलेले आहे; बासिलने चौथ्या शतकात ते त्रैक्याविषयीच्या विवेचनात, सम्राटाच्या प्रतिमेच्या दृष्टांताने मांडले होते. 'प्रोस्किनेसिस' या शब्दात चुंबनाचा धातू आहे. त्याचा अर्थ वाकून, जमिनीला लागून केलेला नमस्कार. तो सम्राटास करीत, वडीलधाऱ्यास करीत. दमास्कसच्या योहानाने या मुद्द्यावरच भर दिला होता की, अब्राहामाने भूमी विकत घेताना हेथाच्या वंशजांस लवून नमन केले, पण म्हणून त्याने त्यांस देव मानले नाही. मराठीत यास सर्वांत जवळचा शब्द 'दंडवत' हा आहे. देवापुढे दंडवत घालतात. आणि महानुभाव पंथात माणसे परस्परांस भेटतानाही 'दंडवत' म्हणतात. या शब्दावरून समोर कोण आहे हे ठरत नाही, फक्त कृती कळते.

नायसियाच्या वृत्तांताचे रोममध्ये लॅटिन भाषांतर झाले आणि ते फ्रँक दरबारी पोहोचले. भाषांतर शब्दशः व ओबडधोबड होते. 'प्रोस्किनेसिस'साठी त्यात 'आदोरातिओ' हा शब्द आला. सायप्रसमधील बिशप कॉन्स्टंटाइन सभेत म्हणाला होता की, प्रतिमांचा मी मानाने स्वीकार करतो, आराधना मात्र केवळ त्रैक्याची करतो. लॅटिनमध्ये हा भेद नाहीसा झाला आणि त्रैक्यास जी आराधना तीच प्रतिमांस, असे तो म्हणाल्यासारखे झाले. थिओडुल्फचा संताप या वाक्यावर साहजिकच बरसला. 873 मध्ये ग्रंथपाल अनास्तासियुसने नवे भाषांतर केले, तेव्हा जुन्या भाषांतरकाराने दोन्ही भाषांच्या वळणाकडे दुर्लक्ष करून शब्दामागे शब्द ठेविला, असा ठपका त्याने प्रस्तावनेत ठेविला आहे.

यावरून पाश्चात्त्य व पौर्वात्य चर्चांमधील तो कलह म्हणजे केवळ भाषांतराचा घोटाळा होय, असे सांगण्याची प्रथा पडली. भाषेच्या अभ्यासकांस ही कथा फार आवडते, कारण तीत त्यांच्या विषयाचे महत्त्व वाढते. परंतु ती पुरती खरी नाही. 'आदोरातिओ' हा शब्दही लॅटिनमध्ये तितकाच व्यापक होता. रोमन सम्राटाच्या जांभळ्या वस्त्रापुढे लवण्यास तोच शब्द होता. जेरोमच्या लॅटिन बायबलात अब्राहामाच्या त्या नमनासही तोच आहे. थिओडुल्फला ते स्थळ ठाऊक होते आणि त्याने त्याची चर्चाही केली आहे. जिवंत माणसास अभिवादन म्हणून लवणे वेगळे, निर्जीव चित्रापुढे लवणे वेगळे, असे तो म्हणतो. अर्थात ग्रीक शब्दांतील भेद त्याला अचूक कळविला असता, तरी त्याने प्रतिमेस दंडवत मान्य केले नसते. त्याच्या मते क्रूस, पवित्र अवशेष, यज्ञपात्रे आणि धर्मग्रंथ यांस पावित्र्य आहे, चित्रास नाही. म्हणून चित्र फोडूही नये आणि त्यापुढे लवूही नये. भाषांतराने भांडण धारदार केले. ते निर्माण केले नाही.

शब्दांच्या या प्रवासाचा शेवट तर अधिकच अनपेक्षित आहे. ग्रीक 'लात्रेइया' हा शब्द लॅटिनमध्ये 'लात्रिया' म्हणून स्थिरावला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रश्न घातला की, ख्रिस्ताच्या प्रतिमेस लात्रिया द्यावी काय? आणि उत्तर दिले, द्यावी. लाकूड म्हणून लाकडास काहीच देणे नाही. पण प्रतिमेकडे प्रतिमा म्हणून जाणारे मन मूळ वस्तूकडेच जाते, त्या दोन गती नव्हत, एकच आहे. नायसियाने ज्या शब्दाने सीमा आखली होती, त्याच शब्दाने ती ओलांडली गेली. आणि दोन्हीकडे आधार बासिलच्या त्याच एका वचनाचा.

या वादात प्रतिमेचा 'अर्थ' काय, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारलेला नाही. भांडण आहे ते क्रियापदांविषयी. तिच्यापुढे लवावे की नाही, तिचे चुंबन घ्यावे की नाही, दिवा लावावा, धूप जाळावा, मिरवावे, फोडावे. ज्या काळाची साक्ष काढून आधुनिक अभ्यासक प्रतिमा 'वाचू' पाहतात, त्या काळाच्या कागदपत्रांत 'वाचणे' हे एक क्रियापद आहे खरे, पण ते फार मागच्या ओळीत बसलेले आहे.

क्रियापदांकडे पाहिले असता काय दिसते याचे उदाहरण म्हणून दक्षिण फ्रान्समधील कोंक येथील सेंत फ्वाची सुवर्णमूर्ती घेता येईल. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा, त्यावर भक्तांनी वाहिलेली रत्ने, आत संत कुमारीच्या मस्तकाचा अवशेष, आणि मूर्तीचे मुख म्हणजे बहुधा रोमन काळातील एका पुतळ्याचे पुन्हा वापरलेले मस्तक. आंजे येथील विद्वान बर्नार 1013 च्या सुमारास या भागात आला. वाटेत ओरियाक येथे संत जेराल्डची अशीच मूर्ती पाहून तो हसला आणि सोबत्यास म्हणाला की, ही मूर्ती ज्युपिटरला किंवा मार्सला शोभली नसती काय? हे तो लॅटिनमध्ये बोलला, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. भोवती शेतकरी गुडघे टेकून बसले होते. मूर्तीचे डोळे आपणाकडे पाहतात आणि प्रार्थना ऐकली की त्यांत प्रसन्नता येते, असे त्यांना वाटत होते. त्यांस कळू नये अशा भाषेत बर्नार बोलला. साक्षर व निरक्षर यांची खरी वाटणी येथे दिसते. लॅटिन जाणणाऱ्याने मूर्तीत इतिहासातील एक नमुना पाहिला, न जाणणाऱ्याने तिची नजर पाहिली. कोंकला पोहोचल्यावर बर्नारला पश्चात्ताप झाला आणि त्याने सेंत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला. मूर्तीची पूजा होत नाही, संताचे स्मरण होते, असा खुलासाही त्याने केला. खुलासा विद्वानांसाठी आहे. ग्रंथातील कथा मात्र मूर्तीबरोबरच्या व्यवहाराच्या आहेत. तीत नवस आहेत, दागिन्यांची मागणी आहे, वादातील जमिनीवर मूर्ती मिरवीत नेणे आहे.

व्यवहाराची दुसरी, कडवट बाजूही होती. 997 च्या सुमारास तूरच्या सेंट मार्टिन मठातील धर्मसेवकांनी फुल्क नेरा या सरदाराच्या आक्रमणाचा निषेध म्हणून संतांचे अवशेष व क्रूस जमिनीवर उतरवून काट्यांनी झाकले. सरदार अनवाणी क्षमा मागण्यास येईपर्यंत ते तसेच राहिले. या विधीची विविध रूपे दहाव्या ते बाराव्या शतकांत फ्रान्समध्ये आढळतात. त्यात संतासही दुःख होते आणि सरदारासही दहशत बसते. यात वाचावयाचे काय आहे? आणि तरीही ज्या घरात कधी देव पाण्यात ठेविले गेले, तेथील मनुष्यास या कृतीचा आशय समजावून सांगावा लागणार नाही.

हान्स बेल्टिंग यांचा 1990 मधील ग्रंथ आणि डेव्हिड फ्रीडबर्ग यांचा त्याच्या आदल्या वर्षीचा ग्रंथ यांनी लक्ष या बाजूकडे वळविले, हे त्यांचे मोठे श्रेय. परंतु दोघांचेही प्रतिपादन जसेच्या तसे घेता येत नाही. फ्रीडबर्ग प्रतिमेविषयीचा प्रतिसाद मानवी स्वभावात शोधतात. त्यामुळे ओरियाकचा शेतकरी आणि आजचा संग्रहालयातील प्रेक्षक एकाच पंक्तीत येतात आणि दंडवत व चुंबन यांसारख्या शिकून केलेल्या, नियमांनी बांधलेल्या कृतींचा इतिहास पुसट होतो. बेल्टिंग यांनी कलेच्या युगापूर्वीचे प्रतिमांचे युग अशी जी सीमारेषा ओढली आहे ती फारच सरळ आहे. थिओडुल्फ चित्राच्या कारागिरीची स्तुती करू शकतो व त्याचे पावित्र्य नाकारू शकतो. म्हणजे 'कलेची' दृष्टी आठव्या शतकाच्या अखेरीसही एका पक्षाची दृष्टी म्हणून हजर होती.

मराठीतून या विषयावर लिहू पाहणाऱ्यापुढे वेगळीच अडचण आहे. ग्रीकमध्ये 'एइकोन' आणि 'एइदोलोन' हे दोन शब्द. पहिला साम्य दर्शविणारा, दुसरा आभासाचा, पुढे खोट्या देवाचा. सगळा वाद पहिल्याची गणना दुसऱ्यात करावी की नाही, हाच आहे. मराठी बायबलात दुसऱ्यासाठी 'मूर्ती' आली आणि निषिद्ध कर्मास 'मूर्तिपूजा' हे नाव पडले. परंतु मराठीत 'मूर्ती' या शब्दाला निंदेचा वासही नाही. त्यामुळे 'मध्ययुगीन ख्रिस्ती मूर्तिपूजा' असा शब्दप्रयोग विद्यार्थी सहज करतो, आणि ज्या प्रश्नावर तीन धर्मसभा भरल्या त्याचा निकाल एका समासात लावून मोकळा होतो. 'आदोरातिओ'ने फ्रँक दरबारी जे केले त्याहून हे निराळे नाही. 'एइकोन'साठी 'प्रतिमा', 'एइदोलोन'साठी संदर्भानुसार 'खोट्या देवाची मूर्ती', 'प्रोस्किनेसिस'साठी 'दंडवत' किंवा 'नमन' आणि 'लात्रेइया'साठी 'आराधना', असा भेद निदान एका लेखाच्या मर्यादेत तरी पाळला जावा. 'पूजा' हा शब्द यांतील कशासाठीच वापरू नये, कारण त्यात उपचारांपासून अनन्य भक्तीपर्यंत सारे सामावते.

थिओडुल्फने बांधविलेले लहानसे प्रार्थनामंदिर लवार नदीजवळ जेर्मिन्यी-दे-प्रे येथे आजही आहे. त्याचा काळ 806 चा. वेदीवरील अर्धघुमटात कुट्टिमचित्र आहे, त्याची एकोणिसाव्या शतकात बरीच डागडुजी झालेली. तेथे ख्रिस्त नाही, मारिया नाही, कोणी संत नाही. देवाने स्वतः करावयास सांगितलेली म्हणून थिओडुल्फला मान्य असलेली कराराची पेटी आणि तिच्याभोवती देवदूत आहेत. चित्राखाली लॅटिन पद्यात लेख आहे. पाहणाऱ्याने करूबांकडे व पेटीकडे पाहावे, आणि हे पाहत असता तो प्रार्थना करील तेव्हा थिओडुल्फचे नावही तीत घ्यावे, अशी त्यात विनंती आहे. चित्र काय सांगते याविषयी त्या लेखात एक शब्दही नाही.